काव्यातले देव, देवळातले देव

पोर्तुगीज भाषा आणि साहित्याच्या विद्यापीठीय अभ्यासात एक ग्रंथ टाळता येत नाही. तो म्हणजे लुईश द कामोंइश याचे ‘लुसियाद’ हे महाकाव्य. १५७२ साली लिस्बनमध्ये आंतोनिओ गोन्साल्व्हिश या मुद्रकाने ते छापले. दहा सर्ग, ११०२ कडवी, प्रत्येक कडव्यात आठ ओळी; विषय वास्को द गामाने १४९७-९८ मध्ये केलेली हिंदुस्थानची सफर. कवीच्या मृत्यूचा दिवस, १० जून, पोर्तुगालमध्ये राष्ट्रीय दिन म्हणून पाळला जातो. विद्यार्थी कोइंब्राचा असो, साओ पावलोचा असो की गोव्याचा, भाषा जरा अंगवळणी पडली की त्याच्यापुढे हे काव्य येते आणि त्याच्याबरोबर धर्मविचारातले एक कोडेही येते. ख्रिस्ती राजाने धाडलेले ख्रिस्ती खलाशी समुद्र ओलांडतात, पण त्यांचे भवितव्य ठरते ऑलिंपस पर्वतावर भरलेल्या रोमन देवांच्या सभेत. त्या काळी पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मन्यायालयाच्या, संमतीवाचून एकही पुस्तक छापता येत नव्हते. त्याच राजसत्तेच्या हुकमाने गोव्यात देवळे पाडली जात होती. ज्युपिटरला छापील पानावर मुभा आणि मंगेशाला त्याच्या गावातही थारा नाही, हा भेद कोणत्या तत्त्वावर केला गेला, हा तो प्रश्न.

काव्यातली देवांची कथा आधी पाहिली पाहिजे. पहिल्याच सर्गात ज्युपिटर सभा बोलावतो आणि पोर्तुगीजांना पूर्वेकडे पोचू द्यावे असे सुचवतो. बॅकस विरोध करतो. प्राचीन कथेनुसार हिंदुस्थान प्रथम जिंकला तो बॅकसने; हे नवे लोक तिथे पोचले तर आपली कीर्ती विसरली जाईल, ही त्याची धास्ती आहे. व्हीनस पोर्तुगीजांच्या बाजूने उभी राहते, कारण तिला त्यांच्यात आपले लाडके रोमन दिसतात आणि त्यांची भाषा जवळजवळ लॅटिनच वाटते. पुढचे सगळे काव्य या दोघांच्या झुंजीवर चालते. बॅकस मोंबासात, कालिकतमध्ये, समुद्राच्या तळाशी, जिथे संधी मिळेल तिथे अडथळे उभे करतो आणि व्हीनस ते निस्तरते.

सहाव्या सर्गातले वादळ हा या मांडणीचा सर्वांत अवघड प्रसंग आहे. जहाजे बुडण्याच्या बेतात असताना गामा प्रार्थना करतो ती ख्रिस्ती देवाची. इस्रायलच्या लोकांना तांबड्या समुद्रातून पार नेणारा, संत पॉलला वाळूच्या दांड्यांपासून वाचवणारा, नोहाला महापुरात राखणारा तो देव. प्रार्थना संपते आणि धावून येते व्हीनस. ती आपल्या जलपऱ्यांना फुलांचे गजरे माळायला सांगते, वाऱ्यांना मोहात पाडून शांत करायला लावते, आणि समुद्र निवतो. पहाटे मलबारचे डोंगर दिसतात तेव्हा गामा गुडघे टेकून आभार मानतो तेही ख्रिस्ती देवाचेच. व्हीनस आली होती हे त्याला कळतच नाही. ते फक्त वाचकाला ठाऊक असते. अठराव्या शतकात व्होल्टेअरने नेमके याच विसंगतीवर बोट ठेवले. प्रार्थना एकाला आणि मदत दुसऱ्याकडून, हे त्याला असह्य वाटले. पोर्तुगीज विचारवंत लुईश आंतोनिओ व्हर्नेय यानेही १७४६च्या आपल्या शिक्षणविषयक ग्रंथात कामोंइशच्या काव्याची कठोर झडती घेतली.

धर्मन्यायालयाचा परीक्षक मात्र इतका अस्वस्थ झाला नाही. डोमिनिकन संघाचा फ्राय बार्तोलोमेउ फेरेरा याने हस्तलिखित वाचून दिलेला अभिप्राय पहिल्या आवृत्तीत काव्याच्या आधी छापलेला आहे. तो अगदी थोडक्यात आहे, पण त्यातली विचारांची गुंफण पाहण्यासारखी आहे. दहाही सर्गांत श्रद्धेला वा सदाचाराला बाधक असे काही आढळले नाही, असे तो आरंभी म्हणतो. नंतर वाचकाला सावध करतो: समुद्रप्रवासाची बिकटता ठसवण्यासाठी कवीने विधर्मीयांच्या देवांचा उपयोग केला आहे. हे काव्य आहे, कल्पित आहे, कवीला फक्त शैली सजवायची आहे, म्हणून ही देवकथा कल्पितच आहे हे ओळखून ती राहू द्यायला हरकत नाही. आणि शेवटी एक अट घालतो. आपल्या पवित्र श्रद्धेचे सत्य सदैव अबाधित राहिले पाहिजे, आणि ते सत्य असे की विधर्मीयांचे सर्व देव हे सैतान आहेत.

या अभिप्रायात दोन निरनिराळी मते शेजारी शेजारी उभी आहेत. पहिले मत म्हणते की देव म्हणजे अलंकार, नुसती कल्पना. दुसरे म्हणते की देव म्हणजे सैतान. अलंकाराला अस्तित्व नसते; सैतानाला असते, आणि तो माणसाला फसवतो. दोन्ही एकाच वेळी खरे कसे असेल? फेरेराने हे बायबलमधल्या एका स्तोत्राच्या आधाराने लिहिले, त्यामुळे त्याला त्यात विरोध दिसला नसावा. पण त्या काळची सगळी धर्मनीती या दोन मतांच्या फटीत मावते. ज्या देवाची पूजा थांबून हजार-बाराशे वर्षे झाली त्याला पहिले मत लागू होते. ज्याच्यापुढे अजून समई तेवते त्याला दुसरे.

हा प्रश्न ख्रिस्ती विचाराला नवा नव्हता. इसवी सन ४१० मध्ये रोम लुटले गेल्यावर संत ऑगस्टीनने ‘ईश्वराचे नगर’ हा बावीस खंडांचा ग्रंथ लिहायला घेतला. त्यात त्याने व्हॅरो या रोमन विद्वानाची एक विभागणी तपासली आहे. व्हॅरोच्या मते देवांविषयीचे ज्ञान तीन प्रकारचे. एक कवींचे, जे रंगभूमीवर दिसते. दुसरे तत्त्वज्ञांचे, जे सृष्टीच्या विचारातून येते. तिसरे नगराचे, जे देवळातल्या पूजाविधीत असते. कवींनी देवांना चोरी, व्यभिचार, मत्सर चिकटवले म्हणून व्हॅरो पहिल्या प्रकाराला कमी लेखत होता आणि तिसऱ्याचा मान राखू पाहत होता. ऑगस्टीनने ही फारकत साफ नाकारली. नाटकात ज्याची चेष्टा होते त्याच देवाला देवळात धूप दाखवला जातो. एकाला हसून दुसऱ्यापुढे नमणे ही स्वतःची फसवणूक आहे, असा त्याचा युक्तिवाद. त्याला दोन्ही नको होते. फेरेराने अकराशे वर्षांनंतर व्हॅरोची तीच फारकत पुन्हा उभी केली, फक्त उलटी करून. कवींचा देव आता निरुपद्रवी ठरला आणि देवळातला देव धोक्याचा. ऑगस्टीनच्या काळात रोमच्या देवांची भक्ती अजून जिवंत होती, म्हणून त्याला काव्यही धोक्याचे वाटत होते. लिस्बनच्या परीक्षकाला ज्युपिटरचे भय उरले नव्हते. मुभा मिळाली ती या निर्भयतेतून.

काव्याचा बराच भाग जिथे रचला गेला असावा तो भूभाग मात्र वेगळ्याच अवस्थेत होता. कामोंइश १५५३ मध्ये गोव्यात उतरला आणि पुढची कित्येक वर्षे आशियात राहिला. तिसवाडी बेटावरची देवळे त्याच्या येण्याआधीच, १५४० नंतर, पाडली गेली होती. त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ज्या धर्मसंस्थेकडे वळवले गेले, तिच्यातूनच पुढे जेझुइटांचे सेंट पॉल कॉलेज उभे राहिले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आले. १५६७ च्या सुमारास साष्टीतल्या देवळांवर हातोडा पडला. कुठ्ठाळीचा मंगेश नदीपलीकडे प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली, कारण तो अंत्रुज महाल तेव्हा आदिलशाहीत होता. आज गोव्यातला भाविक ज्या देवळांत जातो त्यांतल्या कितीतरी मूळ जागेपासून दूर आहेत ती या घडामोडीमुळे. याच काळात सेंट पॉलमधली मुले लॅटिन शिकत होती, आणि जेझुइटांच्या लॅटिन अभ्यासक्रमात व्हर्जिल होताच. देवळाच्या जमिनीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या वर्गात व्हीनस आणि ज्युपिटर यांच्या कथा पाठ केल्या जात होत्या, आणि शिकवणाऱ्यांना त्यात काहीही विसंगत वाटत नव्हते.

कामोंइशची छापली गेलेली पहिली कविता गोव्यातच छापली गेली, १५६३ साली, गार्सिया द ओर्ता याच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात. व्हाइसरॉयने या वृद्ध वैद्याला आश्रय द्यावा अशी विनंती त्या कवितेत आहे. हा ओर्ता मुंबई बेटाचा भाडेपट्टेदार होता आणि त्याने त्याच ग्रंथात घारापुरीच्या लेण्यांचे वर्णन केले आहे. ती शिल्पे पाहण्याजोगी आहेत, असे तो मोकळेपणाने सांगतो. आणि लगेच म्हणतो की लोकांना फसवण्यासाठी सैतानाने आपले सगळे बळ आणि कसब इथे ओतलेले दिसते. कौतुक आणि सैतान एका दमात. एवढे लिहूनही ओर्ता सुटला नाही. तो ज्यू वंशातला नवख्रिस्ती होता. त्याच्या मृत्यूनंतर बहिणीला जाळण्यात आले आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली गेली. ज्या माणसासाठी कवीने शब्द टाकला त्याचा शेवट असा झाला, हे ‘लुसियाद’ शिकवताना सांगितले गेले पाहिजे.

देवळाचा प्रसंग काव्यात सातव्या सर्गात येतो, आणि इथे इतिहास व काव्य ताडून पाहिल्याशिवाय काही कळत नाही. गामाच्या सफरीची एक समकालीन रोजनिशी उपलब्ध आहे; ती आल्व्हारु व्हेल्यु याच्या नावावर सांगितली जाते. तिच्यानुसार १४९८ मध्ये कालिकतला जाताना वाटेतले एक देऊळ गामाच्या माणसांना चर्च वाटले. गाभाऱ्यातली लहानशी मूर्ती मेरीची आहे असे त्यांनी मानले आणि तिथे प्रार्थना केली. पुजाऱ्यांनी अंगावर तीर्थ शिंपडले, लावायला भस्म दिले. भिंतीवर चितारलेल्या ‘संतांचे’ दात बोटभर बाहेर आलेले होते आणि त्यांना चार-पाच हात होते, हेही रोजनिशीकाराने टिपले, पण त्याने त्याची समजूत हलली नाही. कास्तान्येदा या इतिहासकाराने १५५१ च्या आपल्या ग्रंथात आणखी एक तपशील दिला. गुडघे टेकताना जुआंव द सा नावाचा एकजण म्हणाला, हा जर सैतान असेल तर माझा नमस्कार खऱ्या देवाला. त्यावर गामा हसला.

धर्माच्या इतिहासात याहून महत्त्वाचे हसू क्वचितच नोंदले गेले असेल. त्या क्षणी परका देव अजून सैतान ठरलेला नव्हता. शंका होती, चूक होती, पण गुडघे टेकलेले होते आणि समोरच्यांनी तीर्थ दिले होते. कोणाचेच काही बिघडले नाही.

कामोंइशने हा प्रसंग बदलला. रोजनिशीत मोंबासाचीही अशीच एक नोंद आहे: तिथे दोघा पोर्तुगीजांना पवित्र आत्म्याचे कागदावरचे चित्र दाखवले गेले. ती कवीने घेतली आणि वाढवली. तिथे बॅकस ख्रिस्ती पुजाऱ्याचे सोंग घेऊन खोटी वेदी मांडतो, चित्रापुढे धूप दाखवतो, आणि खोट्या देवालाच खऱ्या देवाची पूजा करावी लागते असा चमत्कारिक पेच कवी उभा करतो. पण कालिकतच्या देवळात त्याचे पोर्तुगीज एक क्षणही फसत नाहीत. ते मूर्ती पाहून थबकतात. एका मूर्तीला शिंगे आहेत, लिबियातल्या ज्युपिटर आमोनसारखी. एकीला एकाच धडावर अनेक तोंडे, जुन्या जेनससारखी. एकीला कितीतरी हात, ब्रिआरिउससारखे. एकीचे तोंड कुत्र्याचे, मेम्फिसच्या अनुबिससारखे. या सगळ्या कडव्यांत एकाही भारतीय देवाचे नाव येत नाही. वर्षानुवर्षे गोव्यात राहिलेल्या कवीला नावे कानावर पडली नसतील हे अशक्य आहे. त्याने ओळखीसाठी वापरले ते सगळे आकार भूमध्य समुद्राकाठच्या मृत देवांचे.

हे वर्णन साधे वाटते, पण त्यात कवीची अडचण उघडी पडते. किळस व्यक्त करायला त्याने ज्यांची उपमा घेतली त्यांतला एक ज्युपिटरच आहे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या काव्यात सभेचे अध्यक्षपद भूषवणारा देव. शिंगे असलेला ज्युपिटर देवळात राक्षसी आणि सिंहासनावरचा ज्युपिटर भव्य. समोरचा हिंदू ज्याला नमस्कार करतो आणि कवी ज्याच्या सभेचे वर्णन करतो ते एकाच घराण्यातले आहेत, हे कवीनेच नकळत लिहून ठेवले.

काव्याच्या अखेरीस कवी स्वतः उत्तर देतो. नवव्या सर्गात, प्रेमाच्या बेटावर खलाशांना जलपऱ्या भेटल्यानंतर, कवी सांगतो की हे सगळे कीर्तीचे रूपक आहे. प्राचीन देव हे मुळात पराक्रमाने अमर झालेले मनुष्यच होते. दहाव्या सर्गात टेथिस ही देवी गामाला विश्वाची रचना दाखवताना स्वतःविषयीच बोलते. सर्वोच्च स्वर्गात फक्त खरे संत राहतात. ती स्वतः, सॅटर्न, जेनस, ज्युपिटर, जूनो हे सगळे आंधळ्या माणसांनी रचलेल्या कथा आहेत आणि त्यांचा उपयोग काव्य गोड करण्यापुरता. देवीने स्वतःच्या तोंडाने आपण नाही असे सांगावे, असा प्रसंग जगातल्या महाकाव्यांत विरळाच. हे कडवे परीक्षकाच्या दबावाने आले असावे असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. फेरेराचा अभिप्राय आणि टेथिसचे भाषण यांतली जवळीक पाहता तो निराधार वाटत नाही, पण सिद्धही करता येत नाही.

सिद्ध करण्याची फारशी गरजही नाही. काव्याच्या रचनेकडे पाहिले की टेथिसचा कबुलीजबाब अपुरा पडतो. विसाव्या शतकातले समीक्षक आंतोनिओ जुझे साराइव्हा यांनी दाखवून दिले की या काव्यात हाडामांसाची पात्रे आहेत ती देवच. गामा आणि त्याचे सोबती पुतळ्यासारखे ताठ राहतात, तर राग, मत्सर, मोह, माया हे सगळे देवांच्या वाट्याला आले आहे. बॅकसचेच पाहावे. त्याचे दुःख खरे आहे: आपली पूजा बंद पडेल, आपले नाव पुसले जाईल. शिवाय पोर्तुगीजांचा आद्य पुरुष लुसस हा त्याचाच मुलगा किंवा सोबती, म्हणजे तो आपल्याच वंशजांकडून पदच्युत होतो आहे. हे दुःख लिहिताना कवीच्या डोळ्यांपुढे फक्त पुस्तकातला ग्रीक देव होता असे मानणे कठीण आहे. गोव्याच्या नदीवरून रात्री पलीकडे नेल्या जाणाऱ्या मूर्तींच्या बातम्या त्याच गावात राहणाऱ्या माणसाला कळत असणार. तो विस्थापितांच्या बाजूचा नव्हता. धर्मप्रसाराचे त्याने मनापासून गुणगान केले आहे. पण विस्थापित होणाऱ्या देवाचे मन त्याने लिहिले, आणि ते इतके चांगले लिहिले की अलंकार म्हणून त्याची बोळवण करता येत नाही.

पुढच्या काळात हा तोल टिकला नाही. १५८४ ची आवृत्ती छाटून काढली गेली आणि देवांचे उल्लेख ठिकठिकाणी बदलले गेले. बारा वर्षांत अलंकारही जड झाला. १६३९ मध्ये मानुएल द फारिया इ सोझा याने प्रचंड भाष्य लिहून देवांना ख्रिस्ती अर्थ दिले, व्हीनस म्हणजे चर्च, बॅकस म्हणजे सैतान. त्याच्यावरच धर्मन्यायालयात तक्रार गेली आणि त्याला स्वतःचा बचाव लिहावा लागला.

फेरेराच्या परवान्यातल्या तत्त्वाची खरी कसोटी गोव्यात आणि मराठीत लागली. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या टॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीबद्ध मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही, असा प्रश्न त्यात एक नवख्रिस्ती ब्राह्मण विचारतो, आणि या प्रश्नातूनच काव्याची निर्मिती सांगितली आहे. स्टीफन्सने पुराणाचा सांगाडा पुरता उचलला. अध्यायांऐवजी अवस्वरू, श्रोता-वक्ता, आरंभीचे नमन, सगळे आहे. पण नमनात गणेश नाही, शारदा नाही. तिथे सर्वसमर्थ पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आहेत. लिस्बनचा कवी ज्युपिटरला शोभेसाठी बोलावू शकत होता. रायतूरच्या कवीला गणपतीला शोभेसाठी बोलावता आले नसते, कारण ऐकणाऱ्यांच्या मनात गणपती शोभेचा नव्हता. ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणेशाचे जे रूप उभे राहते त्यात वेद, स्मृती आणि सहा दर्शने त्याचे अवयव झालेली आहेत. काव्यातला देव आणि देव्हाऱ्यातला देव अशी वाटणी त्या परंपरेला ठाऊकच नाही. स्टीफन्स हे ओळखून होता. त्याने वैकुंठ हे नाव घेतले, विष्णू बाहेर ठेवला.

गोव्यातल्या मिशनऱ्यांनी रामायण-महाभारतातल्या कथा रोमन लिपीत उतरवून घेतल्या. अशी हस्तलिखिते पोर्तुगालमधल्या ब्रागाच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहेत आणि गोमंतकीय विद्वान मारियानो साल्दान्या यांनी ती अभ्यासकांच्या नजरेस आणली. ती उतरवून घेण्यामागे भाषा शिकणे आणि खंडन करणे असे दोन्ही हेतू होते. देवळातून हाकललेले देव अशा रीतीने वहीत राहिले. कोकणी-मराठी गद्याचा हा ठेवा आज मोलाचा आहे, आणि तो हाकलणाऱ्यांच्याच हातून टिकला, ही गोष्ट दोन्ही अंगांनी सांगावी लागते.

विसाव्या शतकात पोर्तुगीज साहित्याने हा प्रश्न पुन्हा हाती घेतला. फर्नांदु पेसोआने (१८८८-१९३५) रिकार्दु रेइश नावाचा एक कवी निर्माण केला, त्याला जन्मगाव, जेझुइटांकडचे शिक्षण, वैद्यकीचा पेशा आणि ब्राझीलला देशांतर असे चरित्र दिले आणि त्याच्या नावे ओड लिहिल्या. रेइशच्या कवितेत प्राचीन देव अलंकार नाहीत. तो त्यांना मानतो. ख्रिस्ताचा तो द्वेष करत नाही. देवांच्या मेळाव्यात ख्रिस्तही एक, थोडा अधिक दुःखी, पण इतरांहून थोर नव्हे, अशी त्याची भूमिका आहे. मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. घरच्या देव्हाऱ्यात नव्या देवाला जागा करून देण्याची रीत त्याच्या ओळखीची असते. पोर्तुगालच्या धर्मेतिहासात मात्र ही भूमिका फेरेराच्या अटीला थेट नकार देते.

जुझे सारामागु यांच्या ‘येशू ख्रिस्ताचे शुभवर्तमान’ या १९९१ च्या कादंबरीने अट उलट बाजूने तपासली. गॅलिलीच्या सरोवरात धुक्याने वेढलेल्या होडीत देव, सैतान आणि येशू बोलत बसतात. आपल्या नावाने पुढे कोण कोण मरणार आहे याची यादी देव येशूला वाचून दाखवतो, वर्णानुक्रमे, एकेकाच्या मरणाच्या प्रकारासह. १९९२ मध्ये सांस्कृतिक खात्याच्या उपसचिवाने, म्हणजे सरकारातल्या एका राजकीय पदाधिकाऱ्याने, हे पुस्तक युरोपीय साहित्य पुरस्काराच्या पोर्तुगीज उमेदवारांतून काढून टाकले. पोर्तुगीजांच्या धार्मिक वारशाला ते धक्का देते, असे कारण दिले गेले. सारामागु लान्सारोते बेटावर राहायला गेले. १९९८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. धर्मन्यायालय १८२१ मध्येच बंद झाले होते, पण त्याच्या परीक्षकाची रेघ जागेवर होती: ज्युपिटर पात्र होऊ शकतो, कारण त्याच्यासाठी कोणी मेणबत्ती लावत नाही, येशू पात्र झाला की हरकत येते. मुंबई-पुण्यात, गोव्यात नाटकांवर आणि पुस्तकांवर येणाऱ्या हरकतीही याच रेघेवरून येतात. त्या हरकतींमागची वेदना खरी असू शकते. तिच्या नावाने दिलेला बंदीचा अधिकार मात्र फेरेराच्याच घरातला आहे.

आता विद्यापीठाचा प्रश्न. वर्गात सगळेच देव अभ्यासविषय होतात. ज्युपिटर, येशू, गणपती, तिघांचीही टिपणे काढली जातात, तिघांवरही परीक्षेत प्रश्न येतात. यामुळे परीक्षकाची वाटणी आपोआप मिटली असे समजणे भोळेपणाचे ठरेल. सर्व देवांना अलंकार मानणे म्हणजे सर्वांना मृत मानणे, आणि सातव्या सर्गातल्या देवळात ज्या मूर्ती उभ्या आहेत त्या मृत नाहीत. त्यांचे नातलग कवळ्याला आहेत, म्हार्दोळला आहेत, तिथे आजही पालखी निघते. त्या गावातून आलेली विद्यार्थिनी ते कडवे वाचते तेव्हा ती साहित्याची विद्यार्थिनी असते आणि त्या देवाची भक्तही. तिने दोहोंपैकी एक काही वर्गाबाहेर ठेवावे असे सांगणारी शिस्त अपुरी आहे. तिला त्या कडव्यातला अपमान दिसला पाहिजे आणि बॅकसच्या दुःखातली ताकदही दिसली पाहिजे. दोन्ही एकाच कवीची आहेत, आणि दोन्ही वाचण्यासाठी पोर्तुगीज चांगली यावी लागते. भाषेचा राग धरून हे साधत नाही. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या पुराभिलेखातली पोर्तुगीज कागदपत्रे आयुष्यभर वाचली म्हणूनच मराठे आणि पोर्तुगीज यांच्या संबंधांचा इतिहास लिहिता आला. छळाची नोंदही त्या भाषेत आहे आणि छळाविरुद्धचे शब्दही.

फेरेराच्या परवान्याला पोर्तुगीज समीक्षेत पुष्कळदा उदारपणाचे प्रशस्तिपत्र मिळते: कठोर काळातही त्याने काव्य वाचवले. काव्य वाचले हे खरे, आणि त्याबद्दल त्याचे ऋण मानले पाहिजे. पण ती सहिष्णुता नव्हे. ज्याच्यापासून आता काही धोका नाही त्याला राहू देणे सोपे असते. सहिष्णुतेची परीक्षा ज्याची पूजा चालू आहे अशा परक्या देवापुढे होते, आणि त्या परीक्षेत लिस्बनचा परीक्षक, गोव्याचा धर्माधिकारी आणि स्वतः कवी, तिघेही नापास झाले. कास्तान्येदाच्या ग्रंथातला शंका बोलून दाखवत गुडघे टेकणारा जुआंव द सा सहिष्णुतेच्या त्यांच्यापेक्षा जवळ पोचला होता.

‘लुसियाद’च्या बहुतेक शालेय आणि सुट्या आवृत्त्यांत फेरेराचे ते छोटे अनुज्ञापत्र गाळलेले असते. गोव्यात किंवा इतरत्र भारतात जिथे जिथे हे काव्य शिकवले जाते तिथे पहिल्या सर्गाआधी ते पान वाचायला द्यावे, आणि त्याच्या शेजारी साष्टीतल्या देवळांविषयीचे हुकूम ठेवावेत.